गूढ शब्दकोडे कसे सोडवावे आणि सोबत्यांना इशारा कसा द्यावा

साध्या शब्दकोड्यात ‘सूर्य (२)’ असे विचारले की ‘रवी’ लिहून मोकळे होता येते. गूढ शब्दकोड्यातले शोधसूत्र मात्र एखाद्या सरळ वाक्यासारखे दिसते आणि ते वाक्य म्हणून वाचणारा हमखास फसतो. बहुतेक शोधसूत्रांच्या आरंभी किंवा शेवटी उत्तराचा सरळ अर्थ असतो. उरलेल्या शब्दांत तेच उत्तर अक्षरे जोडून, उलटून किंवा लपवून दुसऱ्यांदा सांगितलेले असते. आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये छापले गेले आणि पुढच्या दशकात इंग्लंडमध्ये त्याला हे गूढ वळण लागले. मराठीत एका घरात काना-मात्रा-अनुस्वारासह एक पूर्ण अक्षर बसते, त्यामुळे ‘कृष्णा’ दोनच घरांत मावते. कंसातला आकडा वाचताना हे विसरू नये.

आठवड्याचे कोडे हाती आल्यावर प्रथम सर्व शोधसूत्रे पेन्सिल न उचलता एकदा वाचून काढावीत. मग त्यातले एखादे आखूड सूत्र निवडून त्याचा सांधा शोधावा, म्हणजे अर्थ कुठे संपतो आणि खेळ कुठे सुरू होतो ते ठरवावे. उदाहरणार्थ, ‘हाताला लागली विहीर, गाठले प्रीतिसंगमाचे गाव (३)’. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या माणसाला प्रीतिसंगम म्हटले की कृष्णा-कोयना आठवतात आणि उत्तर लगेच सुचते, पण ते पडताळून पाहिल्याशिवाय घरात लिहू नये. हात म्हणजे कर, विहीर म्हणजे आड. ‘कर’ला ‘आड’ लागला की ‘कराड’. ‘लागली’ हा शब्द वाक्य पुरे करण्यासाठी आलेला नाही, तो जोडणीची आज्ञा आहे. अशा आज्ञा ओळखता येणे हीच या छंदातली निम्मी लढाई आहे.

दुसऱ्या आज्ञाही थोड्याफार अशाच. ‘दडलेले’ दिसले की शेजारशेजारच्या शब्दांवरून सलग बोट फिरवावे: ‘सीमा हेरणाऱ्यांत दडलेले लेकीचे हक्काचे घर (३)’ यात ‘माहेर’ उघड्यावरच बसले आहे. ‘वार उलटला, शिऱ्याची सोय झाली (२)’ याचे उत्तर ‘रवा’. ‘वेडेवाकडे दळवा, उठेल तुफान (३)’ यात ‘दळवा’ची तीन अक्षरे विस्कटली की ‘वादळ’ मिळते. कधी अक्षरांचा खेळच नसतो आणि एका शब्दाचे दोन अर्थ शेजारी ठेवलेले असतात: ‘वाईत पायऱ्यांनी उतरतो, खंबाटकीत वळणांनी चढतो (२)’. हा ‘घाट’ मला अक्षरांच्या साऱ्या कसरतींपेक्षा सरस वाटतो.

एखादे सूत्र अडले तर त्याच्याशी झुंजत बसू नये. त्याला छेदणारे उभे शब्द आधी भरावेत. एक ‘ळ’ हाती आला तरी शक्यता भराभर गळतात. ऱ्हस्व-दीर्घाबाबत मात्र कोडे रचणाऱ्याचा नियम आधी विचारून घ्यावा, कारण काही जण ‘कि’ आणि ‘की’ एकच धरतात आणि काही अजिबात धरत नाहीत. जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा १८५७ सालच्या आवृत्तीचा कोश आणि नावागावांसाठी वाईहून सिद्ध होणारा मराठी विश्वकोश उपयोगी पडतो; मात्र उत्तर सुचण्याआधी कोश उघडणाऱ्याला निम्म्या आनंदावर पाणी सोडावे लागते.

सोबत्यांबरोबर कोडे सोडवताना उत्तर सांगणे सोपे आणि इशारा देणे अवघड असते. समजा, सांगलीच्या एका काकांचे आडवे ७ अडले आहे: ‘काळाच्या पोटात जन्माचा आरंभ, लेकराच्या डोळ्यांत घालतात (३)’. त्यांना पहिल्या खेपेस एवढेच सांगावे, “काका, अर्थ शेवटाकडे आहे.” तेवढ्याने न भागल्यास, “पोट शब्दशः घ्या.” त्यानंतरही गाडी अडली तर जन्माच्या पहिल्या अक्षराकडे बोट दाखवावे; ‘काळ’च्या मध्ये ‘ज’ बसवण्याचे काम मात्र त्यांच्याकडेच राहू द्यावे. इशारा देण्यापूर्वी त्यांची कोणती घरे भरली आहेत हे विचारावे, नाहीतर चुकीच्या उभ्या शब्दामुळे अडलेल्या माणसाला आपण आडव्या शब्दाचे इशारे देत राहतो. सर्वांसमोर बोलताना सूत्राचा क्रमांक आधी सांगावा, म्हणजे ज्यांना ऐकायचे नाही ते कान बंद करू शकतात, आणि “हे तर अगदीच सोपे आहे” हे वाक्य गिळावे.

उत्तरे जाहीर करण्याचा वार गटाने आधीच ठरवून घ्यावा. त्या दिवशी नुसती यादी न वाचता प्रत्येक सूत्राची फोड एका ओळीत लिहावी: का + ज + ळ, अर्थ ‘लेकराच्या डोळ्यांत घालतात’. एखाद्याचे वेगळे उत्तर घरांत बसत असेल तर त्यालाही फोड मागावी. ती सूत्रातल्या प्रत्येक शब्दाचा हिशेब देत असेल तर ते उत्तर मान्य करून रचणाऱ्याला तसे कळवावे.