मराठी संकेतस्थळ सर्वांना वापरता यावे यासाठी या चुका टाळा

संकेतस्थळ सुगम करायचे म्हटले की अनेक ठिकाणी पानाच्या कोपऱ्यात एक बटन बसवले जाते आणि काम झाले असे मानले जाते. अक्षरे मोठी करणे, रंग उलटे करणे ही त्या बटनामागची कामे ब्राउझर आणि फोन मुळातच करतात आणि ज्यांना त्यांची गरज असते त्यांनी ती सोय आपल्या यंत्रावर आधीच लावून घेतलेली असते. खरी अडचण पानाच्या बांधणीत असते आणि तिथवर हे बटन पोहोचत नाही. त्यातही मराठी पानांवर होणाऱ्या काही चुका अशा आहेत, की त्या प्रामुख्याने इंग्रजी पाने समोर ठेवून केलेल्या तपासणीत सापडत नाहीत.

दिसते मराठी, असते भलतेच

जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र संकेतांक देणारी प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमधला मजकूर हा यांतला सर्वांत जुनाट दोष आहे. कृतिदेव या अशाच फॉन्टमध्ये टंकलेला ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरे असतो. डोळ्यांना तो नीट दिसतो, पण अंध वाचकाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारी प्रणाली, नेमकी ती पाच अक्षरेच वाचून दाखवतो. एखाद्या पीडीएफमधला परिच्छेद निवडून दुसरीकडे चिकटवून पाहिला आणि तिथे अगम्य अक्षरे उमटली, तर निदान झाले असे समजावे. उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे. मात्र त्यानंतर मुद्रितशोधन टाळू नये, कारण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते आणि रूपांतरात वेलांट्या व रफार हमखास जागा सोडतात.

मजकूर युनिकोडमध्ये असूनही स्क्रीन रीडर गप्प बसतो किंवा इंग्रजी आवाजात अडखळतो, अशी तक्रार आली तर पानाची भाषा कोणती जाहीर केली आहे ते पाहावे. तयार थीममध्ये (पानाच्या आयत्या साच्यात) एचटीएमएलच्या, म्हणजे पानाच्या कोडच्या, पहिल्याच टॅगमधील ‘लँग’ या गुणधर्मात इंग्रजी लिहिलेली असते आणि मराठी मजकूर भरताना ती ओळ कोणी बदलत नाही. तिथे मराठीचा ‘एमआर’ हा संकेत दिला की स्क्रीन रीडरला योग्य आवाज निवडता येतो. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरसोबत येणाऱ्या ई-स्पीक या आवाजाच्या यंत्रणेत मराठी आहेच. (काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही हा संकेत असला तरच दिसतात, त्यामुळे डोळस वाचकाचाही यात लाभ आहे.) पान तपासणारी लाइटहाउससारखी स्वयंचलित साधने भाषेचा संकेत आहे का आणि तो वैध आहे का एवढेच पाहतात. मराठी पानावर इंग्रजीचा संकेत असला तरी ती हिरवा कंदील दाखवतात.

सूचना चित्रात नको

भरतीची जाहिरात, परीक्षेचे वेळापत्रक किंवा सभेची नोटीस यांचा फोटो काढून तोच पानावर चढवणे ही आपल्याकडची सर्रास सवय आहे. असे चित्र स्क्रीन रीडरसाठी कोरे असते आणि फोनवर मोठे केले की धूसर होते. स्कॅन केलेल्या पीडीएफची गत निराळी नाही. मजकूर पानावर टंकून द्यावा आणि चित्र हवेच असेल तर त्याच्या जोडीला ठेवावे. जुन्या स्कॅन फायली ओसीआरमधून (चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर करणाऱ्या साधनातून) काढून, वाचून, दुरुस्त कराव्यात. चित्राऐवजी वाचून दाखवल्या जाणाऱ्या पर्यायी मजकुरात (‘ऑल्ट’ या गुणधर्मात) ‘फोटो’ किंवा ‘बॅनर’ असे लिहिण्याने काही साधत नाही, त्यात चित्र काय सांगते ते लिहावे. निव्वळ सजावटीच्या चित्राला तो रिकामा ठेवावा, पण गुणधर्म गाळू नये, नाहीतर फाइलचे लांबलचक नाव वाचून दाखवले जाण्याची शक्यता असते.

माणूस अडतो तो फॉर्मपाशी

नावाच्या रकान्यात ‘सीता’ लिहिले आणि ‘कृपया योग्य नाव भरा’ असा संदेश आला, तर चूक सीतेची नसते. बहुतेकदा तपासणीचा नियम फक्त ए ते झेड अक्षरे स्वीकारतो. तो सुधारताना ‘कोणत्याही लिपीतील अक्षरे’ एवढीच मुभा दिली तरी नाव नाकारलेच जाते, कारण युनिकोडच्या वर्गवारीत ‘स’ आणि ‘त’ ही अक्षरे असली तरी वेलांटी आणि काना ही चिन्हे आहेत, अक्षरे नव्हेत. नियमात दोन्ही वर्ग घ्यावे लागतात. जोडाक्षरांत वापरला जाणारा अदृश्य जोडकही स्वीकारावा, कारण ‘सुऱ्या’सारखे शब्द लिहिताना तो येऊ शकतो. मोबाइल क्रमांक देवनागरी अंकांत भरला गेल्यास तो नाकारण्याऐवजी सर्व्हरवर बदलून घ्यावा. त्याला फार कोड लागत नाही.

रकान्याचे नाव रकान्याच्या आतच फिकट अक्षरांत लिहिणे ही दुसरी चूक. टंकायला लागताच ते नाहीसे होते आणि अर्ध्यावर थांबलेल्या माणसाला आपण कुठे काय भरत होतो ते आठवत नाही. लेबल बाहेर, कायम दिसणारे आणि कोडमध्ये त्या रकान्याशी जोडलेले असावे. चूक केवळ लाल चौकटीने दाखवू नये, शब्दांत सांगावी. ओळख पटवण्यासाठी डोळ्यांची उघडझाप करायला लावणाऱ्या ई-केवायसीचा प्रश्न तर ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क संविधानाच्या कलम २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे सांगितले आणि ही प्रक्रिया सुगम करण्याचे निर्देश दिले. तेव्हा चित्रातली अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा हा एकमेव दरवाजा ठेवू नये.

रंग आणि ओळी

साध्या आकाराच्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५:१ असावा, असे डब्ल्यूसीएजी या सुगमतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेचा एए स्तर सांगतो. पांढऱ्यावर केशरी अक्षरे आपल्याला प्रिय असली, तरी हे प्रमाण तिथे जेमतेम २:१ भरते; केशरी रंग पट्ट्यांना ठेवावा आणि अक्षरे गडद करावीत. इंग्रजी थीममधले अक्षरांतले जादा अंतर देवनागरीत शिरोरेषा तोडते, म्हणून ते शून्यावर आणावे. ओळींतील अंतर दीडपट ठेवले की मात्रा आणि उकार कापले जात नाहीत. बोटांनी पान मोठे करण्याची सोय बंद करणारी सूचना व्ह्यूपोर्टच्या (पडद्यावर पान कसे बसावे हे सांगणाऱ्या) टॅगमध्ये असल्यास ती काढून टाकावी.

शेवटची तपासणी यंत्रावर सोडू नये. माउस बाजूला ठेवून फक्त टॅब कीने मुखपृष्ठापासून फॉर्म पाठवण्यापर्यंत जाऊन पाहावे. आपण कुठे आहोत हे दिसत नसेल, तर कोणीतरी ‘कुरूप’ म्हणून फोकसची (सध्या निवडलेला घटक दाखवणारी) चौकट सीएसएसमधून, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमधून, काढून टाकलेली असते. ती परत आणावी. मध्येच उघडणारी जाहिरातीची किंवा ओटीपीची खिडकी एस्केप कीने बंद झाली पाहिजे आणि ती बंद झाल्यावर फोकस पानाच्या सुरुवातीला न जाता ज्या बटनावरून ती उघडली तिथेच परतला पाहिजे.