घाटे अळीत नवा मायक्रोस्पोरिडिया सापडला? नाव देण्याआधी या चुका टाळा

नारायणगावच्या टोमॅटोवरून आणलेल्या घाटे अळ्या पुण्यातल्या लॅबमध्ये नीट खाईनाशा झाल्या, खुरटल्या, काही कोषातच मेल्या. एक चिरडून स्लाइड पाहिली तर चमकणारे लंबगोल कण. हे मायक्रोस्पोरिडियाचे, म्हणजे पेशीच्या आत वाढणाऱ्या सूक्ष्म परजीवींचे, बीजाणू असतील का? खरे घोळ इथूनच सुरू होतात.

चमकतो तो प्रत्येक कण बीजाणू नसतो. चरबीचे थेंब, यीस्ट, अळ्यांना होणाऱ्या एनपीव्ही विषाणूचे पॉलिहेड्रा (त्याचे प्रथिनांचे स्फटिक) सगळेच फसवतात. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडा. पॉलिहेड्रा विरघळतात, बीजाणू टिकतात. कॅल्कोफ्लोर व्हाइट या चमकत्या रंगाने निळा उजेड दिसला तरी हुरळून जाऊ नका, यीस्टही तसंच चमकतं. बीजाणूतून सुटलेली, त्याच्याहून कितीतरी लांब, केसासारखी ध्रुवीय नलिका दिसली की मगच खात्री धरा.

सगळ्यात महागात पडते ती चूक वेगळीच. हा परजीवी शेतातून आला की लॅबमध्ये वाढवलेल्या तुमच्याच जुन्या कॉलनीतून? अनेक मायक्रोस्पोरिडिया मादीकडून अंड्याच्या आत जातात. हायपोक्लोराइटने अंडी धुतली तर फक्त बाहेरचं साफ होतं. म्हणून प्रत्येक मादी वेगळ्या डबीत ठेवा, अंडी घातल्यावर ती मादी चिरडून तपासा आणि निरोगी मादीचीच अंडी पुढे वाढवा. लुई पाश्चर यांनी १८६०च्या दशकात रेशीमकिड्यांच्या पेब्रिन रोगावर हाच उपाय काढला होता आणि आजही याला तोड नाही. अशी स्वच्छ कॉलनी हाताशी नसेल, तर संसर्गाच्या प्रयोगाला काहीच अर्थ उरत नाही.

डीएनए काढताना काचेच्या मण्यांनी बीजाणू फोडा, नाहीतर जाड भिंतीमुळे हाती येतो तो अळीचाच डीएनए. ओळख पटवायला नेहमी वाचला जाणारा एसएसयू (रायबोसोमचा) जीन ९९ टक्के जुळला म्हणून जात तीच, असं नाही. जवळच्या जातींत हा जीन फारच सारखा असतो. आरपीबी१सारखा दुसरा जीनही वाचा.

नोसेमा की व्हेरिमॉर्फा, या दोन प्रजातींपैकी (जीनस) कोणती हे ठरवताना आठ-आठ बीजाणूंच्या पुड्या दिसल्या नाहीत एवढ्यावर विसंबू नका. काही जातींत त्या कमी तापमानालाच बनतात. पुण्याच्या मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीत त्या न दिसणं हा पुरावाच नव्हे. मधमाशीचा नोसेमा सेराने २०२०मध्ये जनुकीय पुराव्यावरून व्हेरिमॉर्फात गेला, म्हणजे दिसण्यावरून ओळखण्याच्या जुन्या किल्ल्या किती तोकड्या होत्या ते पाहा.

शोधनिबंध पाठवण्याआधी टाइप स्लाइड, म्हणजे नव्या जातीचा अधिकृत नमुना ठरणारी स्लाइड, अधिकृत संग्रहात जमा करा. आकुर्डीला प्राणी सर्वेक्षण संस्थेचं केंद्र आहे, तिथे चौकशी करा. हे जीव बुरशीचे नातेवाईक असले तरी त्यांचं नामकरण प्राण्यांच्या नियमावलीनेच होतं.