द्रव हायड्रोजनचा पंप बनवताय? या चुका टाळा

बडोद्यात पंप समजणाऱ्या माणसांची वाण नाही. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये इंपेलर (पंपाचं फिरतं चाक) बॅलन्स करणारे जाणकार हात आहेत, कलाभवनातून, म्हणजे एम. एस. विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्याशाखेतून, बाहेर पडणारी मुलं हायड्रोजनकडे वळू लागली आहेत. कोयलीच्या रिफायनरीमुळे हायड्रोजन हे नावही शहराला परकं नाही. पण तिथला हायड्रोजन वायू असतो. उणे 253 अंश सेल्सिअसचा (सुमारे 20 केल्विन) द्रव हायड्रोजन पंप करायची वेळ आली, की पाण्याच्या आणि रसायनांच्या पंपांवर तयार झालेले अंदाज एकामागून एक चुकतात. माझ्या मते त्यातल्या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे: उष्णतेचा हिशेब सगळ्यात शेवटी केला जातो. तो पहिल्या पानावर हवा.

टाकीचा गेज पाहून सक्शनबद्दल निश्चिंत होणं

गेजवर 3 बार दिसतात, म्हणून सक्शनला (पंपात द्रव शिरतो त्या बाजूला) भरपूर दाब आहे असं मानलं जातं. मात्र टाकी बराच काळ उभी असेल, तर आतला द्रव हळूहळू तापून त्याच दाबाच्या उत्कलनबिंदूवर येऊन बसलेला असतो. मग बाष्पदाबही (ज्याच्या खाली दाब गेला की द्रव उकळतो तो) 3 बारच, आणि शिल्लक उरते ती फक्त द्रवाच्या स्तंभाची उंची. द्रव हायड्रोजनची घनता घनमीटरला साधारण 71 किलो, म्हणजे पाण्याच्या चौदाव्या हिश्श्याएवढी. त्यामुळे एक मीटर स्तंभ जेमतेम 0.007 बार देतो.

आता दुसरी बाजू बघा. 20 केल्विनच्या आसपास तापमान एक केल्विनने वाढलं, की बाष्पदाब सुमारे 0.3 बारने वाढतो. म्हणजे द्रव 0.1 केल्विन तापला तरी चार मीटरहून जास्त एनपीएसएच (सक्शनला बाष्पदाबाच्या वर शिल्लक असलेला दाब, द्रवाच्या उंचीत मोजलेला) गेला. सक्शन लाइनमधला एखादा नीट इन्सुलेट न केलेला व्हॉल्व्ह किंवा निर्वात कमी झालेली जॅकेट एवढी उष्णता सहज आत सोडते. म्हणून सक्शनजवळ तापमान मोजणारा चांगला सेन्सर हवाच. दाब आणि तापमान दोन्ही एकाच ठिकाणी मोजल्याशिवाय एनपीएसएचबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

ही गोष्ट किती महाग पडू शकते ते 12 ऑगस्ट 2021 रोजी दिसलं. इस्रोच्या जीएसएलव्ही-एफ10 रॉकेटच्या क्रायोजेनिक (अतिथंड इंधनाच्या) टप्प्यात व्हेंट आणि रिलीफ व्हॉल्व्ह गळल्यामुळे द्रव हायड्रोजनच्या टाकीतला दाब कमी राहिला. टाकीतला बूस्टर पंप त्यामुळे नीट चालला नाही, इंजिनाला पुरेसा हायड्रोजन मिळाला नाही आणि मोहीम गेली. दोष व्हॉल्व्हचा होता, तो दिसला मात्र पंपात. तुमचा पंप रुसला तरी आधी टाकीकडे बघा.

कार्यक्षमता म्हणजे फक्त विजेचं बिल, असं समजणं

पाण्याच्या पंपाची कार्यक्षमता पाच टक्क्यांनी घसरली, तर वीज जास्त लागते, एवढंच. इथे तसं नाही, कारण वाया गेलेली प्रत्येक वॅट द्रवातच जाते. 10 बार दाब वाढवायला किलोमागे सुमारे 14 किलोज्यूल आदर्श काम लागतं. पंप 50 टक्के कार्यक्षम असेल तर आणखी तेवढीच ऊर्जा उष्णता होऊन द्रवात उतरते आणि तो साधारण दीड केल्विनने तापतो. पाण्यात हाच आकडा पाव केल्विनच्या आसपास राहिला असता. वेअर रिंगमधून (इंपेलर आणि केसिंगमधली गळती रोखणारी कडी) गळून सक्शनला परत येणारा, किंवा बायपासमधून टाकीत सोडलेला प्रवाह ही उष्णता सोबत घेऊन येतो. पंप स्वतःच स्वतःचं सक्शन बिघडवतो.

मोटर बुडीत ठेवली तर तिची हानीही याच खात्यात धरा. एक किलोवॅट उष्णता तासाला सुमारे 8 किलो हायड्रोजनची वाफ करते. मोटर बाहेर ठेवली, तर शाफ्टमधून वाहत येणारी उष्णता आणि सील सांभाळावं लागतं. दोन्ही बाजूंचे आकडे मांडून मगच निवड करा. सवयीने बाहेरची मोटर लावू नका.

पाण्यावरची चाचणी जशीच्या तशी खरी मानणं

पाण्यावर चाचणी घ्यावी, ती स्वस्त आणि सुरक्षित आहे. फक्त वेग कमी ठेवा: त्याच वेगाने पाणी पंप केलं तर चौदा पट शक्ती लागेल आणि शाफ्ट तुटेल. हेड (पंप द्रवाला देतो तो दाब, उंचीत मोजलेला) आणि प्रवाहाचं नातं त्यातून बऱ्यापैकी कळतं. कॅव्हिटेशनचं (दाब घटून द्रवात बुडबुडे होण्याचं) मात्र कळत नाही. हायड्रोजनमध्ये बुडबुडा तयार होताना आजूबाजूचा द्रव चांगलाच थंड होतो, तिथला बाष्पदाब उतरतो आणि बुडबुड्याची वाढ रोखली जाते. साध्या तापमानाच्या पाण्यात हा परिणाम जवळपास नसतो. त्यामुळे चांगला इंड्यूसर (इंपेलरच्या आधी बसणारं स्क्रूसारखं चाक) हायड्रोजनमध्ये फारच कमी एनपीएसएचवर चालून दाखवतो.

इथेच पुढची चूक होते. हेड पडत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे, असं वाटतं. 15 नोव्हेंबर 1999 रोजी जपानच्या एच-टू रॉकेटचं एलई-7 इंजिन उड्डाणात बंद पडलं. समुद्राच्या तळातून इंजिन काढून तपासल्यावर कारण सापडलं ते हायड्रोजन पंपाच्या इंड्यूसरचं पातं: कॅव्हिटेशनमुळे होणाऱ्या कंपनांनी ते थकून तुटलं होतं. चाचणीत हेडसोबत कंपनांची नोंदही ठेवा, आणि ती खऱ्या द्रवात घ्या.

क्लिअरन्स (फिरत्या आणि स्थिर भागांमधली फट) खोलीच्या तापमानावर ठरवणं

20 केल्विनपर्यंत येताना स्टेनलेस स्टील सुमारे 0.3 टक्के आखडतं, अ‍ॅल्युमिनियम 0.41, टेफ्लॉन तर दोन टक्क्यांहून जास्त. 100 मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा इंपेलर स्टीलच्या केसिंगमध्ये असेल, तर व्यासातली फट थंडीत 0.11 मिलिमीटरने वाढते, आणि इतक्या पातळ द्रवात त्या फटीतून गळती जोरात होते. धातू उलटे असतील तर फट कमी होऊन रोटर अडकतो. थंड होत असताना केसिंग आणि रोटर एकाच वेळी थंड होत नाहीत, म्हणून मधल्या अवस्थेचाही हिशेब करा आणि तोवर पंप फिरवू नका. 15 एप्रिल 2010 रोजी जीएसएलव्ही-डी3 चा बूस्टर पंप 34,800 आरपीएमला पोचून थांबला. तपासात दोन शक्यता पुढे आल्या: सीलपाशी पकड बसून रोटर अडकणं, किंवा टर्बाइनचं केसिंग फुटणं.

बेअरिंगला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, दोन्ही गोठतात. बेअरिंग हायड्रोजनमध्येच चालतं आणि टेफ्लॉनयुक्त केज त्याला वंगण पुरवतं.

नायट्रोजन आत ठेवून थंड करणं

नायट्रोजन 63 केल्विनला गोठतो. आत राहिला तर फिल्टर आणि फटींमध्ये त्याचे खडे होतात. हवा काढायला तो चालेल, पण थंड करण्याआधी हेलियमने तोही बाहेर काढा.

पंप बंद करून उघडायचा असेल, तर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत आणि आतला हायड्रोजन हेलियमने पूर्ण निघेपर्यंत नटाला हात लावू नका. थंड पंपात हवा ओढली जाते आणि आतच गोठते. उघड्या थंड पाइपवरून ठिबकणाऱ्या द्रव हवेत ऑक्सिजनचं प्रमाण जास्त असतं. तिच्या खाली तेलकट चिंधी, डांबर किंवा लाकडी फळी ठेवू नका.