जळगाव-भुसावळकडून वालेन्सियाला जायचंय? मग हे वाचा

स्पेनमधल्या वालेन्सियाला जायचं तर मार्चमध्येच जा, तेव्हा फायास नावाचा तिथला सण असतो, १ ते १९ मार्च रोज दुपारी २ वाजता नगरपालिकेच्या चौकात नुसता फटाक्यांचा दणदणाट, छातीत धडधडतं राव, आणि १९ च्या रात्री चौकाचौकातले भलेमोठे पुतळे जाळतात, आपली होळीच समजा. शेंजेन व्हिसाचा (स्पेनसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो, मी उशीर केला अन् भुसावळहून मुंबईच्या दोन चकरा पडल्या. माल्वारोसा बीचला ट्राम जाते पण मार्चात पाणी गारेगार, आपल्या उन्हात वाढलेल्या अंगाला झेपत नाही, पाय बुडवा बस. ओर्चाता मात्र प्याच, लव्हाळ्याच्या जातीच्या बारीक गड्ड्यांचं गोड थंड दूध असतं ते, कपाशीतून आपण जो उपटून उपटून दमतो ना, त्याचाच भाऊबंद! पाएयात, म्हणजे तिथल्या प्रसिद्ध भातात, ससा असतो, शाकाहारीवाल्यांनी आधी विचारायचं, आणि बॅगेत शेंगदाण्याची चटणी टाका.