एका ॲपसाठी अख्खा सर्व्हर रीस्टार्ट करू नका

ॲपच्या कोडमध्ये दोन ओळी बदलल्या की लगेच अख्खा अपाचे (साइट चालवणारा वेब सर्व्हर) रीस्टार्ट करायचा, ही सवय आता मला बघवत नाही. त्याच सर्व्हरवर इतरांचीही ॲप्स चालू असतात. कुणाची फाइल अर्धी अपलोड झालेली असते, कुणाचं सेशन मेमरीत असतं.

आमच्याकडे एका नव्या मुलाने छोट्याशा दुरुस्तीनंतर अपाचेला 'सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट' दिलं, म्हणजे तो पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायची कमांड. अपाचे थांबला, पण परत उठेना. कुणीतरी आठवडाभरापूर्वी दुसऱ्याच साइटच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) एक ओळ अर्धवट लिहून ठेवली होती. चालू अपाचेने ती वाचलीच नव्हती, म्हणून तोवर सगळं सुरळीत होतं. आठही साइट बंद, आणि तो बिचारा स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधतोय! कॉन्फिग तपासणारं 'अपाचेसीटीएल कॉन्फिगटेस्ट' आधी चालवलं असतं, तर दोन सेकंदांत चुकीची फाइल आणि ओळ दिसली असती. कॉन्फिग खरंच बदललं असेल तर मी आधी टेस्ट करतो, मग 'ग्रेसफुल' देतो. त्यात चालू रिक्वेस्ट पूर्ण होऊ देऊन प्रोसेस बदलतात. एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर असेल तर टेस्टसाठी '-टी' आणि मग 'रीलोड'.

नुसता कोड बदलला असेल तर एवढीही गरज नाही. मॉड-डब्ल्यूएसजीआय (अपाचेवर पायथन ॲप चालवणारं मॉड्यूल) डीमन मोडमध्ये असेल, म्हणजे ॲप अपाचेपासून वेगळ्या प्रोसेसमध्ये चालत असेल, तर त्या ॲपच्या डब्ल्यूएसजीआय फाइलला 'टच' करा, म्हणजे मजकूर न बदलता फाइलची वेळ ताजी करा. पुढच्या रिक्वेस्टला नवा कोड लोड होतो. मात्र दोन ॲप्स एकाच प्रोसेस ग्रुपमध्ये कोंबली असतील, तर एकाला टच केलं की दुसरंही रीस्टार्ट होतं. मी पहिल्याच दिवशी प्रत्येक ॲपला वेगळा ग्रुप आणि वेगळा युजर देतो. हे दहा मिनिटांचं काम टाळणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं, कारण पुढे त्यांच्याच रात्री जातात. एम्बेडेड मोडमध्ये, म्हणजे ॲप अपाचेच्याच प्रोसेसमध्ये चालत असेल, तर टचवर विसंबू नका, इम्पोर्ट केलेले मॉड्यूल जुनेच राहतात.

पायथन ॲप गनिकॉर्न या सर्व्हरवर असेल, तर 'किलऑल गनिकॉर्न' कधीच नको, त्यात सगळ्यांचे गनिकॉर्न जातात. आपल्याच मास्टर प्रोसेसला (मुख्य प्रोसेसला) हप सिग्नल, म्हणजे रीलोडची सूचना द्या. प्रीलोड (मास्टरनेच कोड आधी लोड करून ठेवणं) चालू असेल तर हपने नवा कोड येत नाही, तेव्हा फक्त त्या ॲपची सर्व्हिस रीस्टार्ट करा.

आयआयएसवर (विंडोजच्या वेब सर्व्हरवर) सगळंच रीस्टार्ट करणारं 'आयआयएसरीसेट' नको, आपल्या ॲपचा ॲप्लिकेशन पूल रीसायकल करा. पॅसेंजर या ॲप सर्व्हरला ॲपच्या 'टीएमपी' फोल्डरमधली 'रीस्टार्ट डॉट टीएक्सटी' टच केली की पुरतं.

रीलोडनंतर मी आपल्या ॲपच्या आधी शेजारची दोन ॲप्स उघडून बघतो.