घड्याळाच्या प्लेटमधली बारीक भोकं आणि हाताचा ब्रोच

जुन्या भिंतीवरच्या घड्याळात पितळी प्लेटमधलं पिव्हटचं, म्हणजे चाकाच्या आसाच्या बारीक टोकाचं, भोक झिजून लंबगोल होतं, म्हणजे ज्या बाजूला चाकाचा दाब येतो तिकडे ते खात जातं, मग दात नीट बसत नाहीत आणि घड्याळ अधूनमधून थांबतं. अशा वेळी बुश, म्हणजे छोटी नळी, घालायचा, आणि त्यासाठी भोक ब्रोचने, म्हणजे हाताने फिरवायच्या निमुळत्या सळईने, मोठं करायचं. (दगड म्हणजे ज्वेल बसवलेलं भोक असेल तर त्यात ब्रोच घालायचाच नाही हं, तडकतो.)

बरेच जण थेट ब्रोच घालून भोक मोठं करायला घेतात, तिथेच काम बिघडतं. ब्रोच आहे त्या भोकाच्याच वाटेने जातो, त्यामुळे झिजलेल्या बाजूला सरकलेलं सेंटर तसंच सरकलेलं राहतं. म्हणून आधी बारीक गोल कानस घेऊन झिजलेल्या बाजूच्या बरोबर समोर, तेवढंच घासायचं, सेंटर जागेवर आणायचं आणि मगच ब्रोच.

कटिंग ब्रोचला पाच धारा असतात आणि तो टोकाकडे निमुळता होत जातो. पिन व्हाइसमध्ये (बारीक हत्यार पकडायची छोटी मूठ) घट्ट पकडा, प्लेटला काटकोनात धरा आणि बोटांनी हलकेच फिरवा, दाबायचं नाही, दाबला की तो अडकतो आणि बारीक ब्रोच असेल तर कट्कन तुटून आतच राहतो. दोन-तीन फेरे झाले की बाहेर काढून पितळेचा कीस पुसायचा, भिंग लावून बघायचं. बुशसाठीचं भोक प्लेटच्या आतल्या बाजूने मोठं करायचं म्हणजे ते आतून रुंद, बाहेरून अरुंद होतं, बुश आतून दाबून बसवला की घट्ट धरतो.

नवीन भोक पाडायचं असेल तर टोकदार सुईने आधी खूण, मग ड्रिलचा बिट पिन व्हाइसमधून जेमतेम गरजेपुरता बाहेर ठेवायचा, 1 मिमीच्या खालचे बिट लांब राहिले की हमखास तुटतात. भोक मापापेक्षा थोडं लहानच पाडा, उरलेलं ब्रोचने.

बुशच्या आतल्या भोकालाही तसंच, पण आता दोन्ही बाजूंनी थोडं थोडं आणि दर वेळी पिव्हट घालून बघत बघत. पिव्हट जेमतेम जायला लागला की कटिंग ब्रोच ठेवून द्यायचा आणि गोल स्मूदिंग ब्रोचला तेलाचा थेंब लावून फिरवायचा, हा कापत नाही, दाबून आतली भिंत गुळगुळीत आणि कडक करतो. ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि नेमकी हीच लोक गाळतात. शेवटी तेल पुसून, टोकदार केलेल्या लाकडी काडीने भोक साफ करा, काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत.

मग फक्त तेवढं एकच चाक दोन प्लेट्समध्ये लावा. प्लेट उलटसुलट केली की चाक स्वतःच्या वजनाने खाली सरकलं पाहिजे. नाही सरकलं तर स्मूदिंग ब्रोचचे अजून दोन फेरे द्या आणि पुन्हा बघा.