महूकडच्या डोंगरावर घर बांधताय? जेसीबी बोलवायच्या आधी हे करा

सध्या आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींना महू-मानपूरकडे घर बांधायचं वेड लागलंय. जानापावच्या आसपास प्लॉट घेतला की पहिला फोन जेसीबीवाल्याला. थोडं थांबा. पिशवीभर चुना घेऊन आधी स्वतः जा आणि उभ्या झाडांभोवतीच नव्हे, तर प्रत्येक खुंटाभोवती रिंगण काढा. वाळल्यासारखे दिसणारे पळस, तेंदू, साग मुळापासून नाहीतर बुंध्यातून पुन्हा फुटतात. नर्सरीच्या रोपाला जी मुळं धरायला वर्षं लागतात, ती इथे आयती आहेत. घर आणि गाडी यांच्यापुरतंच सपाट करा, बाकी उतार उतारच राहू द्या.

मग एक दणदणीत पाऊस छत्री घेऊन प्लॉटवर काढायचा. पाणी धावतं तिथे उताराला आडवी, वीत-दोन वीत उंच दगडांची ओळ रचा. तिच्यामागे माती अडते, रोपं तिथेच लावायची. मुरमाड उतारावर धावडा आणि सालई, काळी माती साचते तिथे पळस, नाल्याकाठी अर्जुन. अगदी खड्या उतारावर झाडाचा हट्ट नको, तिथे धायटी आणि मुरुडशेंग ही झुडपं. माझ्या नणंदेकडे दगडांच्या फटीत धायटी आहे. फेब्रुवारी लागला की लालभडक होते आणि शिंजीर पक्षी तिथून हलत नाहीत.

मोह हवाच, पण भिंतीपासून आठ-दहा मीटर लांब, आणि गाडीच्या डोक्यावर तर मुळीच नको. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे त्याच्या गरगरीत फुलांचा सडा पडतो, बॉनेटला चिकटून बसतो. पावसाच्या तोंडावर बिया गळतात, त्या ताज्याच पेरा. डब्यात ठेवल्या की गेल्या.

बहाव्याचं उलट आहे. शेंगेतली बी दगडासारखी कडक. एक बाजू सॅंडपेपरवर घासायची, आतला फिका भाग जेमतेम दिसला की थांबायचं. रात्रभर पाण्यात घाला आणि सकाळी फुगलेल्या बियाच पिशवीत लावा. न फुगलेल्या परत घासा.

माळी गुलमोहर सुचवेल, त्याला नको म्हणा. तो मूळचा मादागास्करचा, शहरात पुष्कळ आहे. प्लॉटवरची घाणेरी (लँटाना) काढताना मात्र नुसती छाटू नका, दुप्पट जोमाने येते. पावसाळ्यात माती ओली असताना मुळाचा गड्डा जमिनीखाली तोडा आणि उपटलेलं झुडूप उलटं टांगून वाळवा.

खड्डे मे महिन्यात, लागवड पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. रोप गुडघ्याएवढंच घ्या, मोठ्या रोपाची मुळं पिशवीत गुंडाळलेली असतात. पहिले दोन उन्हाळे पाणी घालावं लागेल, त्याला इलाज नाही.

गवत राहू द्या, फक्त पायवाटेशेजारी कुसळी गवत नको. त्याचं टोकदार बी ओलं झालं की पीळ सुटून मातीत घुसतं, कोरड्या दिवसांत मोज्यात. आणि दिवाळी झाली की घराभोवतीचं चार-पाच मीटर गवत कापून टाका. उन्हाळ्यात या डोंगरांवर वणवे लागतात आणि कुठूनशी आलेली एक ठिणगी पुरते.